बोटभर छप्पर

आमच्या ताईची ओळख करून द्यायची तर आधी इंजिन म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला लागलो की लोक घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून थोडक्यात आटपतो. कॉम्प्युटरवर तुम्ही गेम खेळता तेव्हा तुम्हाला दिसतो तो माणूस, त्याची टोपी, घरं, झाडं. ती सगळी चित्रकारांची करामत. पण त्या माणसाने उडी मारली तर तो खाली आला पाहिजे, भिंतीवर आपटला तर थांबला पाहिजे, दार ढकललं तर उघडलं पाहिजे. हे सगळं जे पडद्यामागे बसून सांभाळतं त्याला इंजिन म्हणतात. प्रत्येक घरात एक माणूस असतो ज्याला पाणी कधी जातं, गॅस कधी संपतो आणि कुणाचा दुसरा मोजा कुठे पडलाय हे माहीत असतं, तसं. गेमची नावं लोकांच्या तोंडी असतात. इंजिनाला ते बिघडेपर्यंत कुणी विचारत नाही.

ताईने आयुष्यभर एकच इंजिन लिहिलं. फक्त ते पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळेला आवृत्तीचा आकडा एकाने वाढायचा, आणि तिच्या चष्म्याचाही.

मी तिचा धाकटा भाऊ. त्याच कंपनीत आवाजाचं काम करतो. पावलं, दारं, पडणं, झडणं, जे काही वाजतं ते माझं. भावोजी मला कानसेन म्हणतात. इतकी वर्षं घासून माझी तिथली किंमत काय, तर जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणतं, "मामा, तो कुत्र्याचा आवाज काढून दाखवा ना." याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण हे लिखाण ताईबद्दल आहे, तेव्हा असो.

कंपनी काढायची कल्पना भावोजींची. तोवर ते झेरॉक्सची मशीनं विकायचे. बोलण्यात असे पटाईत, की ज्याच्याकडे झेरॉक्स काढायला एक कागद नाही त्याच्या गळ्यातही मशीन मारून यायचे. ताई तेव्हा स्वेटर विणणाऱ्या मशीनचे प्रोग्राम लिहायची. एके दिवशी भावोजी घरी आले आणि म्हणाले, "आपण गेम काढायचा." ताईने विचारलं, "कुणी?" ते म्हणाले, "तू." झाली कंपनी.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर ठोकाठोक चालायची आणि ताई तिच्या तालावर टाइप करायची. पहिला गेम होता दूधवाल्याचा. हातात किटली घेऊन दूधवाला छपरांवरून उड्या मारत घरोघरी दूध पोहोचवतो. तो रस्त्याने का जात नाही, असं मी विचारलं होतं. भावोजी म्हणाले, "रस्त्याने गेला तर मग गेम काय राहिला?" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पहिल्या आवृत्तीत दूधवाला फक्त उजवीकडे जायचा. डावीकडे वळणं लिहायला ताईला वेळच मिळाला नव्हता. कुणी विचारलंच तर ती शांतपणे सांगायची, "उलट फिरला तर दूध नासेल." आणि लोकांना ते पटायचं.

दुसरी एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नव्हती. मशीनने एक श्वास घेतला की दूधवाल्याने एक पाऊल टाकायचं, असा तिने हिशेब बांधला होता. आमच्या जुनाट मशीनवर दूधवाला कसा सकाळच्या प्रहरी निघाल्यासारखा रमतगमत चालायचा. गेम लोकांसमोर आणायच्या दिवशी भावोजींनी ऐट म्हणून एक नवंकोरं मशीन उसनं आणलं, हॉल घेतला, खुर्च्या मांडल्या, एका बड्या पाहुण्यांना बोलावलं. नवीन मशीनचा श्वास जुन्याच्या कितीतरी पट जलद. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि दूधवाला नाहीसा झाला. म्हणजे धावला, पण कुणाला दिसलाच नाही. पाहुण्यांनी वळून विचारलं, "कुठे गेला?" भावोजी म्हणाले, "पोहोचला."

ताई पुढे आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मग तिने दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात दूधवाल्याला स्वतःचं घड्याळ मिळालं, म्हणजे मशीन कसंही धापा टाकू दे, हा आपल्या चालीने चालणार. डावीकडे वळणंही आलं. आणि भावोजींनी कानाला खडा लावून एक रिवाज पाडला, जो आजतागायत चालू आहे. कोणतीही नवी आवृत्ती आली, की तिच्यावर आधी दूधवाल्याचा गेम चालवायचा आणि तो भावोजींनी स्वतः, सगळ्यांसमोर, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत खेळून दाखवायचा. तोवर काहीही बाहेर जाणार नाही. ऑफिसात याला साहेबांची फेरी म्हणतात.

रिवाज चांगला होता. अडचण एकच होती. भावोजी खेळण्यात ढ होते.

ढ म्हणजे साधे ढ नव्हेत. दूधवाल्याला शिंप्याच्या छपरावरून पलीकडच्या गच्चीवर उडी मारावी लागते. पहिल्याच फेरीत भावोजी तिथे दर वेळी पडायचे. कडेवर पोहोचून उडीचं बटण दाबायचं, तर यांचं बोट छप्पर संपल्यावर हलायचं. पडले की म्हणायचे, "बटण अडकतंय." बटण बदललं. मग म्हणायचे, "ऊन येतंय." पडदा लावला. सगळी माणसं मागे उभी, दुकानदारांची माणसं माल न्यायला दारात उभी, आणि दूधवाला आपला गल्लीत. अखेर जेवायची सुट्टी झाली. जेवून आले आणि पहिल्याच फटक्यात पार. ऑफिसभर टाळ्या. भावोजींनी बाह्या खाली केल्या आणि म्हणाले, "भूक लागली होती, दुसरं काही नाही."

मी पुढच्या दिवशी पावलांचे आवाज तपासायला बसलो तेव्हा एक भलताच प्रकार कानावर आला. शिंप्याचं छप्पर संपत होतं आणि पाऊल तरीही वाजत होतं. दूधवाला हवेत टपटप चालत होता. मी तक्रार घेऊन ताईकडे गेलो. तिने उठून दार लावलं.

"हा हवेत चालतोय," मी म्हणालो.

"बोटभरच चालतोय."

"पण का?"

"तुझे भावोजी पडतात म्हणून."

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना तिने सगळ्या छपरांना कडेपुढे बोटभर न दिसणारं छप्पर जोडलं होतं. मी इतका हसलो की खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. ताई हसली नाही. म्हणाली, "त्यांचं बोट उशिरा हलतं, कारण त्यांना वाटतं आपण अजून छपरावरच आहोत. वाटतंय ना, मग असू दे छप्पर." मग मला बजावलं, की यातलं अक्षर बाहेर गेलं तर कुत्र्यासकट हाकलून देईन. पुढच्या आवृत्तीत काढून टाकते, असंही म्हणाली.

ते तिने काढलं नाही.

तिसऱ्या आवृत्तीत घरांना मागची बाजू आली. तोवर सगळं कागदावर काढल्यासारखं चपटं होतं; आता दूधवाल्याला घराला वळसा घालता येऊ लागला. याच काळात माझी भाची जन्माला आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी कुणाला सापडलेली नाही. ताई एका हाताने पाळणा हलवायची आणि दुसऱ्या हाताने घरांच्या पाठी लिहायची. चौथ्या आवृत्तीत पाणी आलं. ते पहिले काही दिवस जिन्याने वर चढत होतं, आणि ताई त्याला रागावत होती, "अगं बाई, खाली हो." ती मशीनशी नेहमी बोलते. माणसांशी बोलायचं ते भावोजींवर सोपवलंय. पाचव्या आवृत्तीत दोन वेगळ्या घरांत बसलेली दोन माणसं एकाच गेममध्ये एकमेकांना भेटू लागली, आणि दोघांनी एकच दार एकाच वेळी उघडलं तर आधी कोण, यावरून ताई आणि मी पंधरवडाभर भांडलो. सहाव्या आवृत्तीत हे सगळं बोचकं फोनमध्ये कोंबावं लागलं. ताई म्हणायची, "आधी घर मोठं करायला सांगतात आणि मग काडेपेटीत राहायला सांगतात."

माणसं वाढली, सायकलच्या दुकानावरची खोली सोडून आम्ही एका इमारतीचा अख्खा मजला घेतला, पण ताईचं कोपऱ्यातलं टेबल, उभ्याने जेवणं आणि केसांत खोचलेली पेन्सिल तशीच राहिली. पेन्सिल ती डोक्यात विसरायची आणि टेबलाखाली शोधायची. तिने स्वतःचा एकही गेम कधी खेळून पाहिला नाही. "मला नाही जमत ते," म्हणायची.

आणि ते बोटभर छप्पर प्रत्येक आवृत्तीबरोबर पुढे चालत आलं. दूधवाल्यातून ते नव्या गेममध्ये शिरलं, कारण सगळे गेम त्याच इंजिनावर उभे. खेळणारे म्हणू लागले, की यांच्या गेममध्ये उडी कशी हाताला बरोबर लागते, दुसऱ्यांच्यात ती मजा नाही. का लागते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावोजींना मात्र त्याचं कारण पक्कं माहीत होतं. "हात लागतो, हात," ते म्हणायचे. दर फेरीत शिंप्याचं छप्पर एका दमात पार करायचे, मग वळून नवीन पोरांना सांगायचे, की निरखून बघा, घाई करायची नाही. गिऱ्हाइकांना सांगायचे, नातेवाइकांना सांगायचे, दाढी करणाऱ्यालाही सांगायचे. ताई चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. मी आपला मूग गिळून गप्प.

भिंगरी शिकली, दुसरीकडे नोकरी करून आली आणि आमच्यात रुजू झाली. पहिल्याच महिन्यात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की आईचं इंजिन म्हणजे ठिगळावर ठिगळ आहे, सातवी आवृत्ती कोऱ्या पानावरून लिहायला हवी. खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती, आणि ती मी टिपलीही असती. मला वाटलं, आता ताई फाडून खाणार. ताईने केसांतली पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिही. मी डोकावणार नाही."

दिलेला शब्द तिने पाळला, पण त्यात तिचे हाल झाले. तोवर कधी टेबलापासून न हललेली बाई रोज संध्याकाळी फिरायला जाऊ लागली. भिंगरीच्या टेबलाजवळून जाताना मान मुद्दाम खिडकीकडे करायची. एकदा तर अशी खिडकीकडे बघत पाण्याच्या पिंपावर आदळली. मी विचारलं, "एवढं कशाला? बघ की एकदा." ती म्हणाली, "बघितलं तर हात लावीन."

भिंगरीने काम मात्र देखणं केलं. माळा आवरावा तसं जुनं इंजिन उपसून, तपासून, कामाचं तेवढंच नव्या पानावर घेतलं. काही पोरं कुरकुरली, की उडी जरा कडक वाटते. तिने त्यांना उडवून लावलं, की तुम्ही लाडावलात. मी पावलांचे आवाज बसवले आणि ऐकून खूश झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छप्पर संपलं की पाऊलही संपत होतं. मी भाचीची पाठ थोपटली आणि चहाला गेलो. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली नाही. कान आहेत, डोक्याचं कुणी विचारू नये.

मग साहेबांच्या फेरीचा दिवस उजाडला. भावोजी नवा शर्ट घालून आले. बाह्या वर केल्या, दूधवाला सोडला, शिंप्याच्या छपरावर आणला आणि पडले.

सगळे हसले, तेही हसले. पुन्हा पडले. "बटण अडकतंय," म्हणाले. कुणीतरी नवा कीबोर्ड आणून दिला. पुन्हा पडले. दुपारपर्यंत हसू थांबलं होतं. संध्याकाळी भिंगरी म्हणाली, "बाबा, उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही तेच. पोरं एकेक करून आपापल्या जागेवर सटकली. भावोजी आता ऊन येतंय असंही म्हणत नव्हते. नुसते आपल्या बोटांकडे बघत होते.

त्यानंतर घरी त्यांनी एक गोष्ट सुरू केली, जी ताईच्या आधी माझ्या लक्षात आली. चहा आला की म्हणायचे, "अर्धाच दे." आयुष्यभर काठोकाठ भरलेला कप लागायचा या माणसाला. आता अर्धा घ्यायचे आणि दोन्ही हातांनी धरायचे. सही करायची वेळ आली की म्हणायचे, भिंगरीला द्या.

मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "कानसेन, डॉक्टरकडे येतोस? ताईला सांगू नकोस." मी स्कूटरवर घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ते बोलायला लागले. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एक दिवस त्यांच्या हातातून बारका स्क्रू निसटला. मग रोज निसटू लागला. पुढे पुढे जेवणाचा घासही तोंडापर्यंत जाईना. "माझ्याच वयाचे होते तेव्हा," भावोजी म्हणाले. त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोल काढायला सांगितले, हात पुढे धरायला सांगितले. म्हणाले, मला तर काही दिसत नाही, तरी काही महिन्यांनी दाखवून जा. मी ऐकलं "काही दिसत नाही". भावोजींनी ऐकलं "दाखवून जा". परत येताना स्कूटरवर मागून म्हणाले, "कंपनी भिंगरीला देऊन टाकतो. पडायला लागलेल्या माणसाने धरून बसू नये."

सिग्नलला थांबलो होतो. टाचेचे बूट घातलेला एक माणूस फुटपाथवरून खटखट चालत आला आणि कडेवरून खाली रस्त्यावर उतरला. फुटपाथ संपला आणि खटखट संपली. मी तिथेच कपाळाला हात मारून घेतला. मागून हॉर्न वाजत होते आणि भावोजी विचारत होते, "आता तुला काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, दात दुखतोय.

भावोजींना घरी सोडून मी तसाच ऑफिसला गेलो आणि ताई-भिंगरी दोघींना एका खोलीत कोंडलं. अर्धा कप, डॉक्टर, घड्याळाचा स्क्रू, सगळं ओकून टाकलं. मग भिंगरीला विचारलं, की छपराच्या कडेपुढे काही होतं का.

"होतं ना," ती म्हणाली. "दिसणाऱ्या छपराच्या पुढे गेलेलं होतं. चूक होती ती. काढली मी."

ताईने केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

ते कुणासाठी जोडलं होतं हे मी सांगितलं, पण भिंगरीला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती रडकुंडीला आली. "एका ओळीचं काम आहे, आई. आत्ता परत घालते. उद्या बाबा बरे होतील."

"घाल, घाल," मी म्हणालो. "ताकास तूर लागायला नको. जेवून आले की पार होतात, सगळ्यांना माहीत आहे."

ताई खाली बघत होती. मला वाटलं तिला शरम वाटतेय. मग म्हणाली, "परत घातलं तर उद्या ते पूर्ण कप मागतील. पण कधीतरी खरंच हात चळला, तर आपल्याला कळणार कसं? ते पार होतच राहतील. त्यांनाही कळायचं नाही आणि मलाही." तिने पेन्सिल परत केसांत खोचली. "मी त्यांना पडू दिलं नाही, म्हणून आता ते दोन दिवस पडले तर त्यांना आजारपण वाटतंय. हे मी केलंय. मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. तमाशा बघायला नव्हे. ताई एकटी सांगेल ही कल्पनाच मला सहन होईना. भावोजी टेबलाशी बसले होते, पुढे अर्धा कप. ताई पेन्सिल शोधायच्या निमित्ताने दोनदा उठली, दोनदा बसली. पेन्सिल डोक्यातच होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुम्हाला ती उडी येतच नव्हती."

मग तिने सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी, बोटभर छप्पर, भिंगरीने काढलेली ओळ. भावोजी ऐकत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या आवृत्तीपासून."

"म्हणजे शिंप्याच्या छपरावरून मी कधीच..."

"कधीच नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मानेपर्यंत लाल झाले होते. "जगाला सांगत फिरलो मी," ते म्हणाले. "दाढी करणाऱ्यालाही सोडलं नाही. आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"हो."

"हसत नव्हतीस?"

"हसायचे. आत जाऊन."

मी जमिनीकडे बघत होतो. शेवटी खिडकीपाशी उभ्यानेच त्यांनी विचारलं, "मग हात ठीक आहे?"

"हात जसा होता तसाच आहे," ताई म्हणाली. "वाईट."

भावोजी वळले. तिच्याकडे बघत राहिले. मग टेबलाशी आले, कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "मग भर की." ताईने भरला. इतका काठोकाठ, की बशीत सांडलं. भावोजींनी बशीतला चहा आधी पिऊन टाकला. ऑफिसला जाईपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत, पण तिची डब्याची पिशवी त्यांनी उचलली होती.

ऑफिसात त्यांनी सगळ्यांना मागे उभं केलं आणि फेरी लावली. भिंगरीने ओळ परत घातली नव्हती. तसं भावोजींनीच तिला बजावलं होतं. पडले. बाह्या वर केल्या. पडले. एकदा गच्चीला दूधवाल्याची बोटं लागली असं आम्हाला वाटलं, पण नाही, पडलेच. ताई माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं की मला पुढे दोन दिवस दुखत होतं. दुपार टळली तसे भावोजी उठले. गिऱ्हाइकांसमोर लावतात तो आवाज लावून म्हणाले, "इंजिन उत्तम आहे. दूधवाला उत्तम आहे. ढ मी आहे. काढा बाहेर सातवी."

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग तेच हसायला लागले, आणि ऑफिसभर हसू पसरलं.

भिंगरी पुढे आली. तिने विचारलं, "बाबा, पण ती ओळ? पोरं म्हणतात उडी हाताला लागत नाही. लोकांसाठी परत घालू?"

"लोकांसाठी घाल," भावोजी म्हणाले. "सगळ्यांच्या घरी कुठे इंजिन लिहिणारी बायको असते."

"आणि तुमच्या मशीनवर?"

त्यांनी ताईकडे पाहिलं. सकाळच्या चहानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"माझ्या मशीनवर नको," ते म्हणाले. "मी कसा आहे ते हिला कळत राहू दे."

ताईने माझं मनगट सोडलं आणि ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. सातवी आवृत्ती त्याच संध्याकाळी बाहेर गेली.